ह्यूएंडन मॅनर: डिझरेलीचं घर बघायला जाण्याआधी

पहिली सूचना स्टेशनची. लंडनच्या मॅरिलबोन स्थानकावरून गाडी धरली की हाय विकमच्या आधी बीकन्सफील्ड लागतं. ‘अर्ल ऑफ बीकन्सफील्ड’चं घर बघायला निघालेल्या माणसाला तिथं उतरावंसं वाटणं साहजिक आहे. उतरू नका. एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश पंतप्रधान बेंजामिन डिझरेली याच्या पदवीत त्या गावाचं नाव आहे, पण राहिला तो ह्यूएंडनला. हे घर हाय विकमच्या उत्तरेला दीडेक मैलावर, चिल्टर्न टेकड्यांच्या एका उतारावर आहे. १८४८ ते १८८१ अशी ३३ वर्षं तो या घराचा मालक होता, आणि दोन्ही वेळा पंतप्रधान झाला तो याच काळात.

१९४७ पासून घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि तिकीट काढून बघता येतं. मत आधीच सांगून ठेवावं: एक अख्खा दिवस काढावा अशी ही जागा आहे. मोठ्या सरदारी हवेल्यांत दालनामागून दालनं बघताना शेवटी काहीच लक्षात राहत नाही. इथं खोल्या मोजक्या, त्या एकाच माणसाच्या आयुष्याच्या, आणि सामानातलं पुष्कळसं खरोखर त्याचं. मात्र त्याच्या आयुष्याची थोडी ओळख करून न घेता गेलात तर एक नीटनेटकं व्हिक्टोरियन घर बघून परत याल, त्यापलीकडे काही हाती लागणार नाही. घरात शिरायचं ते एकच प्रश्न घेऊन: या माणसाला हे घर कशाला हवं होतं, आणि पैसे आणले कुठून? हा प्रश्न डोक्यात असला की खोल्या बोलायला लागतात.

म्हणून आधी पैशांची गोष्ट.

डिझरेली २१ डिसेंबर १८०४ रोजी लंडनमध्ये एका ज्यू घरात जन्मला. वडील आयझॅक लेखक, सगळा जन्म पुस्तकांत गेलेला. बेव्हिस मार्क्स सिनेगॉगनं, म्हणजे लंडनमधल्या ज्यू प्रार्थनागृहानं, १८१३ मध्ये आयझॅकला वॉर्डन नेमलं, त्यानं नकार दिला, सिनेगॉगनं ४० पौंड दंड केला. हे भांडण चिघळत गेलं आणि १८१७ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला. बेंजामिन तेव्हा १२ वर्षांचा होता. ही घरगुती कुरबुर झाली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण ज्यू खासदाराला आपल्या धर्माप्रमाणे शपथ घेऊन कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात, बसायला १८५८ साल उजाडावं लागलं. डिझरेली १८३७ मध्येच मेडस्टोन मतदारसंघातून निवडून आला होता.

विशीत असताना दक्षिण अमेरिकेतल्या खाणींच्या शेअरांत त्यानं हात पोळून घेतले. ते देणं आणि त्यावर चढत गेलेलं व्याज त्याच्या मानेवर कित्येक वर्षं राहिलं. खासदाराला कर्जापायी अटक होत नसे, त्यामुळे १८३७ ची निवडणूक जिंकणं त्याला दोन्ही अंगांनी गरजेचं होतं. मेडस्टोनमधला त्याचा सहखासदार विंडम लुइस १८३८ मध्ये वारला आणि १८३९ मध्ये डिझरेलीनं त्याच्या विधवेशी, मेरी अ‍ॅनशी, लग्न केलं. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिच्याकडे लंडनमधलं ग्रोव्हनर गेटचं घर आणि वर्षाला सुमारे ५,००० पौंडांचं उत्पन्न होतं, पण ते तिच्या हयातीपुरतं. लग्न पैशांसाठी झालं असेल. ३३ वर्षं ते टिकलं आणि फुललं ते मात्र पैशांमुळे नव्हे. घर बघताना हे जागोजागी जाणवतं.

आता घराकडे या. १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पीलनं आयात धान्यावरच्या जकातीचे कायदे रद्द केले आणि त्याचा टोरी, म्हणजे कॉन्झर्वेटिव्ह, पक्ष दुभंगला. डिझरेलीही त्याच पक्षाचा. जमीनदारांचा मोठा गट पीलच्या विरोधात गेला. त्या गटाचं पुढारपण लॉर्ड जॉर्ज बेंटिंककडे होतं, आणि सभागृहात पीलवर तुटून पडणारी जीभ डिझरेलीची. अडचण अशी, की जमीनदारांच्या पक्षाचा पुढारी स्वतः बिनजमिनीचा कसा चालेल? परगण्यातून निवडून यायला वर्षाला ६०० पौंडांच्या मालमत्तेची अट कायद्यातच होती (ती १८५८ मध्ये गेली), पण खरी अट समाजाची होती. स्वतःची इस्टेट, स्वतःची कुळं, गावातल्या चर्चमध्ये मानाची जागा हे सगळं लागायचं. ह्यूएंडनची सुमारे ७५० एकरांची इस्टेट ३५,००० पौंडांना मिळत होती. त्यातले २५,००० बेंटिंक बंधूंनी उसने दिले. लॉर्ड जॉर्ज सप्टेंबर १८४८ मध्ये अचानक वारला, तरी भावांनी शब्द पाळला आणि व्यवहार पुरा झाला. तोवर डिझरेली बकिंगहॅमशरचा खासदार झालेला होता आणि १८७६ पर्यंत तो तिथूनच निवडून येत राहिला.

म्हणजे हे घर त्याच्या राजकारणाचं भांडवल होतं, आणि तेही उसनं. १८५७ मध्ये त्या बंधूंपैकी थोरल्यानं, तोवर ड्यूक ऑफ पोर्टलंड झालेल्या भावानं, पैसे परत मागितले तेव्हा डिझरेली पुन्हा सावकारांच्या दारात गेला. सुटका झाली ती १८६२-६३ च्या सुमाराला. यॉर्कशरच्या अँड्र्यू माँटेग्यू नावाच्या श्रीमंत जमीनदारानं त्याची सगळी देणी विकत घेतली आणि तीन टक्के व्याज लावलं. त्याच सुमाराला, १८६३ मध्ये, टॉर्कीला राहणारी सेरा ब्रिजेस विल्यम्स ही वृद्ध बाई वारली. तीही मूळची ज्यू घरातली, आणि डिझरेली दांपत्याशी तिचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार होता. तिनं त्याच्या नावे ३०,००० पौंडांहून अधिक ठेवले. अट एकच: मला तुमच्या शेजारी पुरा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एवढी शिदोरी बरोबर असली की निघायला हरकत नाही.

मॅरिलबोन ते हाय विकम गाडीनं अर्धा ते पाऊण तास. स्टेशनवरून बस मिळते, पण ती खाली मुख्य रस्त्यावर सोडते. तिथून घरापर्यंतचा चढ चांगलाच उभा आहे आणि म्हाताऱ्या माणसांना किंवा बाबागाडी ढकलणाऱ्यांना तो नको वाटतो. बरोबर असं कुणी असेल तर स्टेशनवरून टॅक्सी करून थेट वर जा. पायांत जोर असेल तर गावाबाहेरच्या ह्यूएंडन पार्कमधून ओढ्याच्या कडेनं चालत जाणं सगळ्यात छान. पाऊण तास धरा. तो ओढा खडूच्या जमिनीतून झिरपून आलेल्या पाण्याचा आहे आणि कोरड्या वर्षी आटतोही, तेव्हा फोटोत पाहिलेलं पाणी दिसलं नाही म्हणून वाट चुकलो असं समजू नका. बूट मात्र खरे घाला. चिल्टर्नची माती खडूची, तिच्यात गारगोट्या, आणि पाऊस पडून गेला की ती शेवाळलेल्या फरशीसारखी निसरडी होते.

तिकिटाचे दर आणि घराच्या वेळा बदलत राहतात, त्या ट्रस्टच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघा. दोन गोष्टी तपासायच्या. बाग आणि घर यांच्या वेळा वेगळ्या असू शकतात. बाग उघडी आहे म्हणजे घर उघडं आहे असं नाही. आणि गर्दीच्या दिवशी घरात सोडण्याच्या वेळा ठरवून देतात, तेव्हा आल्याआल्या आधी घराची वेळ विचारून घ्या आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. वर्षभरात ट्रस्टच्या तीन-चार जागा बघायचा विचार असेल तर सुटी तिकिटं काढण्यापेक्षा सभासद होणं परवडतं. सभासदांना गाडी उभी करण्याचेही पैसे पडत नाहीत. पाठीवरची मोठी पिशवी आत पुढे घ्यावी लागते किंवा बाहेर ठेवावी लागते. जिने चढायला त्रास असेल तर तिकीट खिडकीवरच सांगा, कारण या घरातली सगळ्यात महत्त्वाची खोली वरच्या मजल्यावर आहे.

क्रम ठरवताना बहुतेक जण आधी घर, मग चहा, मग बाग आणि वेळ उरला तर चर्च असा ठरवतात. तो उलटा करा. चर्च आधी.

सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स हे गावचं चर्च घराच्या खालच्या अंगाला, त्याच हिरवळीत आहे. ते ट्रस्टच्या मालकीचं नाही, गावचं चालतं देवालय आहे, त्यामुळे त्याच्या वेळा त्याच्या. रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा पर्यटक म्हणून आत शिरू नये. दुपार उलटल्यावर कुलूप लागलं तर मुख्य गोष्टच हुकते. आत्ताची इमारत १८७४-७५ मध्ये आर्थर ब्लोमफील्डनं जवळजवळ नव्यानं बांधली.

आधी बाहेरून पूर्वेच्या भिंतीपाशी जा. तिथं लोखंडी कठड्यामागे डिझरेलीची कबर आहे. १९ एप्रिल १८८१ रोजी तो लंडनमध्ये कर्झन स्ट्रीटवरच्या घरी वारला. त्याचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी ग्लॅडस्टन तेव्हा पंतप्रधान होता, आणि त्यानं वेस्टमिन्स्टर ॲबीत सरकारी इतमामानं दफन करण्याची तयारी दाखवली. पण मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं: ह्यूएंडनला, बायकोच्या शेजारी. म्हणून २६ एप्रिलला तो इथं आला. पाटीवरची नावं शांतपणे वाचा. बेंजामिन, मेरी अ‍ॅन, आणि त्यांच्या जोडीला सेरा ब्रिजेस विल्यम्स. घर सावरणाऱ्या बाईला दिलेला शब्द इथं दगडात पाळलेला दिसतो. वर राजवाड्यासारखं घर आणि त्याच्या कर्जाचा हिशेब खाली चर्चच्या भिंतीशी मिटलेला: चर्च आधी बघा म्हणायचं कारण हेच.

आता आत, वेदीच्या बाजूला. तिथं संगमरवरी स्मारक आहे, त्यात डिझरेलीचा एका बाजूनं दिसणारा चेहरा कोरलेला. ते राणी व्हिक्टोरियानं बसवलं. राज्यावर असलेल्या राणीनं आपल्या एका प्रजाजनासाठी गावच्या चर्चमध्ये स्मारक उभारावं ही इंग्लंडात जगावेगळी गोष्ट होती. अंत्यविधीला राणीनं जाण्याची पद्धत नव्हती, म्हणून तिनं प्रिमरोजच्या फुलांची चक्रं पाठवली आणि चार दिवसांनी, ३० एप्रिलला, स्वतः इथं आली. तिच्यासाठी कबर पुन्हा उघडली गेली. स्मारकाखालच्या मजकुरात ती स्वतःला त्याची कृतज्ञ राणी आणि मैत्रीण म्हणवते. त्याखाली बायबलमधल्या नीतिसूत्रांतली ओळ आहे, योग्य ते बोलणाऱ्यावर राजे प्रेम करतात अशा अर्थाची.

तिची सही जवळ जाऊन बघा. ‘व्हिक्टोरिया आर. आय.’ आर म्हणजे रेजिना, राणी. आय म्हणजे इंपेरात्रिक्स, सम्राज्ञी. मराठी माणसाला या एका अक्षरापाशी थांबल्यावाचून पुढे जाता येऊ नये. ते अक्षर तिला डिझरेलीनं मिळवून दिलं. १८७६ च्या रॉयल टायटल्स कायद्यानं ती भारताची सम्राज्ञी झाली. कायद्याला विरोध झाला तेव्हा ही पदवी इंग्लंडच्या अंतर्गत कारभारात वापरली जाणार नाही असं पार्लमेंटला सांगण्यात आलं होतं. तरीही बकिंगहॅमशरच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये, मित्राच्या स्मारकावर, तिनं ते अक्षर कोरून घेतलं. दोघांमधलं नातं याहून नेमकं दुसरीकडे कुठंही दिसत नाही.

आपल्याकडे त्या अक्षराचा अर्थ वेगळा होता. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं दिल्लीत दरबार भरवून पदवी जाहीर केली. लिटनची निवड डिझरेलीचीच. त्याचा बाप डिझरेलीचा तरुणपणापासूनचा दोस्त. त्याच हिवाळ्यात दख्खनमध्ये दुष्काळानं माणसं आणि गुरं मरत होती. पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, त्या दरबाराला हातानं कातलेल्या खादीच्या कपड्यांत गेले. त्याच जानेवारीत सरकारनं दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, धान्याच्या हिशेबावर आणून ठेवली आणि सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला. टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला आणि पुढे इंग्लंडात कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचा खासदार. हे सगळं ह्यूएंडनच्या भिंतींवर शोधू नका. घर एका माणसाच्या खाजगी आयुष्याचं आहे. हा धागा आपला आपण सोबत न्यायचा.

त्यासाठी एक फुकटची सोय आहे आणि ती जाण्याआधी जरूर वापरावी: ब्रिटिश पार्लमेंटच्या जुन्या कामकाजाचं, हॅन्सर्डचं, संकेतस्थळ. तिथं २७ जुलै १८५७ ही तारीख काढा. उत्तर हिंदुस्थानातल्या उठावाच्या बातम्या नुकत्या पोचत होत्या, आणि विरोधी बाकावरून डिझरेलीनं सरकारला विचारलं की हे शिपायांचं बंड आहे की राष्ट्राचा उठाव? साम्राज्यं काही चरबी लावलेल्या काडतुसांवरून कोसळत नाहीत, असं त्यानं बजावलं. कारणं त्यानं तीन दिली: देशी राज्यकर्त्यांची सत्ता मोडणं, जमीनजुमल्याची घडी विस्कटणं आणि लोकांच्या धर्मात हात घालणं. दत्तक नामंजूर करून संस्थानं खालसा करण्याच्या धोरणावर, ज्यात आपलं सातारा आणि नागपूर गेलं, त्याचा मोठा रोख होता. हे भाषण वाचून मग वर घरात गेलं तर ‘साम्राज्यवादी’ या एका शब्दात हा माणूस मावत नाही हे ध्यानात येतं. त्यानंच १९ वर्षांनी ती पदवी आणली, हेही विसरता येत नाही. दोन्ही गोष्टी सोबत ठेवूनच घर बघायचं.

हॅन्सर्ड वापरताना तीन ठिकाणी फसायला होतं. एक, तेव्हाचं वृत्त शब्दशः नाही. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून जुळवलेलं असे, म्हणून वाक्य अवतरणात घेताना जपून. दोन, छापील पानांवरून यंत्रानं वाचून घेतलेला मजकूर असल्यामुळे भारतीय नावांची अक्षरं बऱ्याचदा चुकलेली असतात. नाव टाकून शोधण्यापेक्षा तारखेनं शोधा. तीन, ऑगस्ट १८७६ नंतर डिझरेली कॉमन्समध्ये सापडणारच नाही. तो अर्ल होऊन लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, गेला, आणि तिथं त्याची भाषणं बीकन्सफील्ड या नावाखाली आहेत.

बीकन्सफील्ड हे नाव आधी त्याच्या बायकोचं, हेही इथंच सांगून टाकावं. १८६८ मध्ये पहिलं पंतप्रधानपद गेलं तेव्हा राणीच्या मर्जीनं पदवी घेता आली असती. पण लॉर्ड झालं की कॉमन्स सुटतं, म्हणून त्यानं स्वतःऐवजी मेरी अ‍ॅनला व्हायकाउंटेस बीकन्सफील्ड करवून घेतलं. आपण खाली लढत राहिला.

आता घर. बाहेरून बघताना विटांचे टोकदार कंगोरे, पायऱ्यापायऱ्यांचे कठडे असं बरंच काही अंगावर येतं. मूळ घर अठराव्या शतकातलं, साधं, पांढऱ्या गिलाव्याचं होतं. १८६२-६३ मध्ये एडवर्ड बक्टन लॅम्ब या वास्तुकारानं गिलावा काढून त्याला हे जुन्या काळचं रूप चढवलं. वास्तुकलेच्या जाणकारांनी त्याला नावं ठेवली आहेत आणि ती काही उगाच नाहीत. पण पैशांचा प्रश्न आठवा. सावकारांच्या कचाट्यातून सुटका होत असतानाच्या या विटा आहेत. परदेशी वाटणाऱ्या आडनावाच्या माणसानं आपलं घर शेकडो वर्षं जुन्या इंग्रज सरदाराचं दिसावं म्हणून केलेली ती धडपड आहे, आणि तशी बघितली की तिच्यावर राग धरवत नाही.

आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. जुनं कापड, कागद आणि रंग उडू नयेत म्हणून अशा घरांत पडदे ओढून उजेड अगदी कमी ठेवतात. नाजूक वस्तूंसाठी ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) हे सर्वसाधारण प्रमाण आहे. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना सुरुवातीला भिंतीवरचं काही दिसत नाही आणि नेमक्या त्याच वेळात माणसं जिन्यावरून घाईनं वर निघून जातात. जिन्याच्या भिंतीवरच तर खरी संपत्ती आहे. डिझरेलीनं इथं पूर्वजांची चित्रं लावली नाहीत, लावायला सरदार पूर्वज नव्हतेच. त्यानं दोस्तांची लावली. या मांडणीला तो मैत्रीचं दालन म्हणत असे. एकेक चेहरा बघत सावकाश चढा. टीटाबद्दलही विचारा. टीटा हा कवी बायरनचा व्हेनिसमधला नावाडी; बायरनच्या मृत्यूनंतर तो डिझरेलींच्या घरी चाकरीला आला आणि पुढे भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या बोर्ड ऑफ कंट्रोलमध्ये शिपाई झाला. खोल्यांत उभे असलेले स्वयंसेवक हे सगळं आनंदानं सांगतात, फक्त विचारावं लागतं. न विचारता ते मध्ये बोलत नाहीत.

ग्रंथालयात वडिलांच्या संग्रहातली पुस्तकं आहेत. आयझॅकची प्रचंड पुस्तकं होती. बरीचशी विकली गेली, मुलानं निवडून थोडी ठेवली. पुस्तकांच्या बांधणीवर पडलेलं ऊन बघत बसायला आवडतं, असं डिझरेलीनं पत्रात लिहून ठेवलंय. आता पडद्यांमुळे ते ऊन आत येत नाही, ही या खोलीची खरी उणीव. जपणूक आणि जिवंतपणा यांत ट्रस्टनं जपणूक निवडली आहे. समजून घ्यावं, पण चुटपुट लागते.

जेवणाची खोली १५ डिसेंबर १८७७ साठी बघायची. त्या दिवशी राणी मुलीला, बिअ‍ॅट्रिसला, घेऊन आगगाडीनं हाय विकमला आली. हे गाव खुर्च्या बनवणाऱ्यांचं. त्यांनी राणीसाठी रस्त्यावर खुर्च्यांचीच कमान उभारली होती. तिथून ती या खोलीत जेवायला बसली. टेबलाखाली राणीचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून एका खुर्चीचे पाय कापून बुटके केले, अशी गोष्ट इथं सांगतात. खुर्च्या नीट निरखून बघा. भिंतीवर राणीनं दिलेलं तिचं चित्र आहे. ही भेट नुसत्या मायेची नव्हती. पाचच दिवसांपूर्वी रशियानं तुर्कांचं प्लेव्हना हे ठाणं घेतलं होतं, डिझरेलीच्या मंत्रिमंडळात रशियाबाबत दोन तट पडले होते, आणि राणी कुठल्या बाजूला आहे हे सगळ्या युरोपला दिसलं. पुढच्या वर्षी बर्लिनच्या परिषदेत तो सायप्रस पदरात पाडून परतला. पंधरा डिसेंबरचं आणखी एक: पाच वर्षांपूर्वी त्याच तारखेला मेरी अ‍ॅन याच घरात वारली होती.

ती गेली आणि तिच्याबरोबर ग्रोव्हनर गेटचं घर आणि ते ५,००० पौंडही गेले. दुसऱ्यांदा पंतप्रधान होण्याला तेव्हा सव्वा वर्ष उरलं होतं आणि लंडनमध्ये त्याला स्वतःचं छप्पर नव्हतं. तो हॉटेलात राहिला. मग वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत जा. ही खोली लहान आहे, दारातूनच बघावी लागली तरी दहा मिनिटं द्या. आईवडिलांची चित्रं, टेबल, आणि काळ्या कडेचा पत्राचा कागद. मेरी अ‍ॅन गेल्यावर त्यानं सुतकाचा तो कागद वापरायला घेतला आणि मरेपर्यंत बदलला नाही. सुएझ कालव्याचे १,७६,६०२ शेअर रॉथ्सचाइल्ड या सावकारी पेढीकडून ४० लाख पौंड कर्जाऊ उचलून विकत घेतले तो १८७५ चा पंतप्रधान, मजुरांच्या घरांचा आणि सार्वजनिक आरोग्याचा कायदा करणारा पंतप्रधान, राणीला गोड गोड पत्रं लिहिणारा पंतप्रधान, या सगळ्यांचा कागद तोच. आधी राणीच्या वस्तू बघून मग इथं आलात तर ती काळी रेघ जास्त ठसठशीत दिसते.

तळघरातलं प्रदर्शन दुसऱ्या महायुद्धाचं आहे. हवाई खात्यानं १९४१ पासून हे घर ‘हिलसाइड’ या सांकेतिक नावाखाली ताब्यात घेतलं आणि बॉम्बफेकीचे नकाशे इथं हातानं काढले गेले. मांडणी चांगली आहे आणि मुलं तिथंच रमतात. पण विषय अगदी वेगळा, म्हणून ते शेवटी बघा. मध्येच घुसलात तर अभ्यासिकेतला ठसा पुसला जातो.

बागेत घरामागची भौमितिक वाफ्यांची रचना मेरी अ‍ॅनची. १८८१ च्या फोटोंवरून ती पुन्हा उभी केली आहे, म्हणून फुलांचे रंग आजच्या डोळ्याला भडक वाटतात. व्हिक्टोरियन लोकांना तेच आवडत. प्रिमरोज बघायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्येच जा. १९ एप्रिल हा त्याच्या चाहत्यांचा प्रिमरोज दिवस, आणि १८८३ मध्ये त्याच फुलाच्या नावानं कॉन्झर्वेटिव्ह पक्षाची प्रिमरोज लीग निघाली. फूल लहान, फिकट पिवळं, गवतात खाली. मेनंतर दिसत नाही.

उपाहारगृहात सूप, स्कोन, केक, चहा असं ट्रस्टच्या सगळ्या जागी असतं तसंच. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण एक ते दोनच्या दरम्यान रांग लागते, तेव्हा साडेबाराच्या आत उरकून घ्या किंवा घरून डबा आणून खालच्या मोकळ्या हिरवळीवर बसा.

तासभर उरलाच तर दरीपलीकडच्या टेकडीवर जो खांब दिसतो तिथपर्यंत चालत जा. सुमारे ५० फूट उंचीचं ते आयझॅकचं स्मारक मेरी अ‍ॅननं १८६२ मध्ये सासऱ्यासाठी लॅम्बकडूनच बांधून घेतलं. वाट आधी उतरते मग चढते, आणि हिवाळ्यात चारच्या सुमारालाच अंधारून येतं, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत खांब सकाळी उरकून मग चर्चकडे वळा.